नदीकाठच्या खोलीसाठी तीन दरपत्रकं

हॉटेल ठरवायला दहा मिनिटं लागतात, असं आमची मुलगी मैत्री म्हणते. मला सात आठवडे लागले, एक त्रिसदस्यीय समिती लागली आणि एकशे बारा पानांची फाईल लागली. फाईल अजून माझ्या कपाटात आहे. पानांना क्रमांक दिलेले आहेत, नाडी बांधलेली आहे, आणि कुठलाही लेखापरीक्षक आला तरी त्याला तिच्यात एक चूक सापडायची नाही. ही फाईल बघितली की हल्ली मला जेवण गोड लागत नाही, म्हणून मी कपाटाची किल्लीच मैत्रीकडे देऊन टाकली आहे.

मी, चंद्रशेखर येलवे, बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात खरेदी शाखेचा अधीक्षक आहे. एकतीस वर्षं झाली. खुर्च्या, पंखे, लोखंडी कपाटं, टाचण्यांचे डबे, एकदा तर एक शववाहिनीसुद्धा मी नियमाने घेतली आहे. किमान तीन दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, समितीच्या सह्या आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ऑर्डर. या वाटेने जाणाऱ्याला पेन्शन बिनघोर मिळते. माझ्या एकाही फाईलवर ऑडिटचा शेरा नाही, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. अशा वेळी राजश्री माझ्यापुढे मठ्ठ्याची वाटी सरकवून विषय बदलते.

राजश्री म्हणजे माझी बायको. महापालिकेच्या शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवून ती मे महिन्यात निवृत्त झाली. डॅन्यूब नदी दहा देशांतून वाहते, हे नवी मुंबईत ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या निम्म्या लोकांना ते राजश्रीने नकाशावर फूटपट्टी फिरवत सांगितलेलं आहे. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. जानेवारीत ऑपरेशन ठरलं. त्याआधी कुठेतरी जाऊन येऊ, असं मी म्हटलं, तेव्हा मला वाटलं ती फार तर बोधगया म्हणेल.

ती म्हणाली, "बुडापेस्ट."

"अगं, एवढ्या लांब? आणि तिथे तू चालणार कशी?"

"चालायचंच नाही. नदीसमोर खिडकी असलेली एक खोली घ्यायची. मी खिडकीत बसेन. तुम्ही काय ते फिरून या आणि मला सांगा."

तिने फोन माझ्यापुढे धरला. हॉटेल तिने शोधूनही ठेवलं होतं. नदीच्या काठावरची जुनी पिवळी इमारत, सगळ्या मिळून बारा खोल्या, तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट आणि एक चांगली रुंद खिडकी. खिडकीशी एक खुर्ची. दर आमच्या आवाक्यातला होता. मैत्री महापेच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर काय काय करते, त्यामुळे असल्या कामात तिचा हात चालतो. ती म्हणाली, "पप्पा, रूम आहे, डेट्स आहेत. कार्ड द्या, दहा मिनिटांत टाकते करून."

इथे मी "कर" म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी सुखी असतो. पण मी म्हणालो, "एकाच ठिकाणचा दर बघून? उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणारेय?"

खरं सांगायचं तर गेल्या एकतीस वर्षांतही मला कोणी काही विचारलेलं नाही. पण विचारतील, या धाकात मी इतकी वर्षं काढली आहेत, आणि सवय अशी एका हॉटेलासाठी सुटत नसते.

दुसऱ्या दिवशी मी बुडापेस्टच्या सहा हॉटेलांना पत्रं धाडली. ऑफिसचाच नमुना वापरला. दरपत्रक संस्थेच्या लेटरहेडवर असावं, सही-शिक्क्यानिशी, तीन प्रतींत, दर नव्वद दिवस ग्राह्य असावा. 'प्रयोजन' या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पत्नीस नदी दाखवणे'. नमुना जुना असल्यामुळे 'माल बेलापूर येथे पोच देण्याचा खर्च वेगळा नमूद करावा' हे कलम मात्र नजरचुकीने तसंच राहिलं. एका हॉटेलाने विनयपूर्वक कळवलं की आमची खोली हलवता येत नाही.

तीन हॉटेलांनी उत्तरच दिलं नाही. त्यांची मी 'प्रतिसादशून्य' म्हणून नोंद केली. गावाबाहेरच्या एका हॉटेलाच्या मशीनने आपोआप दर पाठवला, तो मी दरपत्रक म्हणून धरला. सहावं उत्तर राजश्रीच्या हॉटेलाचं. मालकीणबाईंनी स्वतः लिहिलं होतं. त्यांचं नाव मार्गित. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की महाशय, तुमचं पत्र मला नीटसं कळलं नाही, पण तुमच्या पत्नीला नदी बघायची आहे एवढं कळलं. ती खोली मी दहा दिवस तुमच्यासाठी राखून ठेवते. तुम्ही फक्त 'हो' लिहा.

राजश्रीने ते पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "लिहा ना मग, हो."

"अगं, यावर शिक्का नाही. आणि दरपत्रकं दोनच झाली. तिसरं येऊ दे."

"आणि नाही आलं तर?"

"मुदतवाढ द्यायची," मी म्हटलं. हे सांगताना माझ्या आवाजात जो दिलासा होता, तो आठवला की आज मला स्वतःचाच राग येतो.

मुदतवाढ द्यायची तर समिती हवी. सोसायटीत दोन लायक माणसं होती. एक गोटीरामशेठ. मूळचे घणसोली गावातले, गावठाणात त्यांच्या तीन चाळी भाड्याने आहेत आणि जागेच्या व्यवहारात त्यांचा शब्द म्हणजे आमच्या सोसायटीत सातबारा. दुसऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरी सुनयनाताई. त्यांनी बारा दिवसांत युरोपचे दहा देश केलेले आहेत. त्यांतला कुठला कुठला होता ते त्यांना फोटो बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण अनुभव तो अनुभव. सोसायटीच्या ऑफिसात पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर आमची पहिली बैठक भरली. राजश्री निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसली.

गोटीरामशेठनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता बघितला आणि एका वाक्यात निकाल दिला. "साहेब, बाकी काय पन बघू नका. टेशन किती लांब हाय, तेवढं इचारा. आमच्या घनसोलीत टेशन आला आनि जमिनीचा सोना झाला. टेशनाजवल जागा घेतली तो मानूस कदी रडला नाय."

मला हे तत्काळ पटलं. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला पटणारच. आम्ही इथे घर घेताना हवा, उजेड, शेजार काही बघत नाही. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, एवढंच विचारतो आणि बिल्डर जे सांगेल त्याच्या तिप्पट धरतो. मी तक्त्यात रकाना आखला, 'स्टेशनपासून अंतर'.

"ब्रेकफास्ट मस्ट आहे हां, येलवे सर," सुनयनाताई म्हणाल्या. "आणि रूममध्ये केटल. केटल नसेल तर मॅगी कशात करणार? आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना केटल नव्हती, तर त्यांचं पूर्ण स्वित्झर्लंड उपाशी गेलं. आणि बाथरूमला जेट स्प्रे आहे का विचारा. तिकडे नसतो. फार टेन्शन होतं."

मी रकाने आखत गेलो. न्याहारी, केटल, जेट स्प्रे, लिफ्ट, टॉवेलांची संख्या. पट्टी ठेवून, लाल शाईने. एकोणीस रकाने झाले. तेव्हा कोपऱ्यातून राजश्रीने विचारलं, "नदीचा रकाना कुठाय?"

मी पेन खाली ठेवलं. समजूतदारपणे म्हणालो, "राजश्री, नदी हा निकष मोजता येत नाही. थोडी दिसते, जास्त दिसते, याला गुण कसे द्यायचे? आक्षेप येतो."

"वैनी बरोबर बोलतान," गोटीरामशेठ म्हणाले. "पन नदीचा काय, नदी खाली उतरल्यावं पन दिसते."

राजश्री गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि चहाचं बघते म्हणून गेली. तिने चहा चांगला केला होता. आम्ही तिघांनी दुसरा कप मागितला.

तिसरं दरपत्रक काही येईना. घोडं तिथे पेंड खात होतं. मी मुदतवाढीचं पत्र काढलं, मग स्मरणपत्र काढलं. चौथ्या आठवड्यात एका हॉटेलाने दर पाठवला, पण तो पुढच्या वर्षीचा, कारण तोपर्यंत ते दुरुस्तीसाठी बंद होतं. समितीने सांगोपांग चर्चा करून ठरवलं की हॉटेल बंद असलं तरी दरपत्रक उघडं आहे, तेव्हा संख्या पुरी झाली. मधल्या काळात मार्गितबाईंचे दहा दिवस कधी उलटले ते माझ्या ध्यानातही राहिलं नाही. मैत्रीने एके दिवशी जेवताना सांगितलं, "पप्पा, ती रूम गेली." राजश्रीने वरणात लिंबू पिळलं. "जाऊ दे," ती म्हणाली, "दुसरं बघतील ते."

तोवर व्हिसाची तारीख येऊन ठेपली आणि व्हिसाला हॉटेलचं बुकिंग लागतं. उरलं होतं ते गावाबाहेरचं, मशीनने दर पाठवणारं. ते दराने सर्वांत कमी होतं. केटल होती, लिफ्ट होती, न्याहारी होती आणि स्टेशन चालत चार मिनिटांवर होतं. गोटीरामशेठनी माझी पाठ थोपटली. रद्द केलं तर पैसे परत नाहीत, अशी अट होती. पण मी एवढ्या प्रक्रियेनंतर घेतलेला निर्णय रद्द कशाला करीन?

व्हिसाच्या खिडकीवर मी फाईल ठेवली. पलीकडची मुलगी मैत्रीच्याच वयाची असेल. तिने नाडी सोडली, चार पानं उलटली आणि विचारलं, "अंकल, हे काय आहे?"

"तुलनात्मक तक्ता. पान सत्तेचाळीस ते त्रेपन्न. मागे समितीचं इतिवृत्त आहे."

तिने बुकिंगचा एक कागद काढून घेतला आणि बाकी एकशे अकरा पानं काचेखालून परत सरकवली. "याची गरज नाही." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. एकतीस वर्षांत कोणी माझ्या फाईलला असं केलेलं नाही. मी नाडी बांधत बाजूला उभा राहिलो, तेव्हा राजश्रीने ती माझ्या हातातून घेऊन नीट गाठ मारून दिली.

सप्टेंबरात आम्ही बुडापेस्टला पोचलो. विमानतळावरून टॅक्सी निघाली आणि शहर जिकडे दिसत होतं त्याच्या उलट दिशेला वळली. अर्ध्या तासाने ती एका रुंद, ओसाड रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोदामं, टायरांचे ढीग, मधून एखादी काचेची इमारत आणि फाटकापाशी पेंगणारा वॉचमन. राजश्री काचेतून बघत होती. "अहो," ती म्हणाली, "हे महापेच आहे."

हुबेहूब महापे होतं. मैत्री रोज सकाळी डबा घेऊन जिथे जाते, तिथे आम्ही दोन विमानं बदलून राहायला आलो होतो. तक्त्यातलं काहीही खोटं नव्हतं, हे मात्र नोंदवलं पाहिजे. केटल होती. लिफ्ट होती, फक्त लिफ्टपर्यंत पोचायला अकरा पायऱ्या होत्या. न्याहारी पहाटे पाच ते साडेसहा, कारण ती ट्रक ड्रायव्हरांसाठी होती. आणि स्टेशन खरोखर चार मिनिटांवर होतं. तिथे तासाला एक गाडी येत असे.

खोलीच्या खिडकीतून ट्रकांचा तळ दिसायचा. राजश्रीने खुर्ची ओढली आणि तिथे बसली. मी म्हणालो, "हवा मात्र स्वच्छ आहे." ती म्हणाली, "हो, छान आहे." थोड्या वेळाने तिने वही काढली. ती ट्रकांच्या नंबरप्लेटा बघून देश लिहीत होती. "हा रोमानियाचा. तो सर्बियाचा दिसतो. अहो, डॅन्यूबच्या दहापैकी सहा देश इथेच आले बघा." माझं मन राखण्यासाठी ती हे हसत सांगत होती आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नदीवर जायचं ठरलं. राजश्री म्हणाली, टॅक्सी करू या. मी म्हणालो, "स्टेशन चार मिनिटांवर असताना टॅक्सी कशाला?" माझ्या हातून झालेल्या चुकांची यादी केली तर हे वाक्य वरून पहिलं किंवा दुसरं येईल. पहिलीच गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. फलाटावर बाक नव्हतं. तासाभराने दुसरी मिळाली. पुढे पूल चढून दुसऱ्या फलाटावर जायचं होतं, मग भुयारी रेल्वे, तिथला सरकता जिना इतका वेगाने पळत होता की राजश्रीने डोळे मिटले, आणि त्यानंतर साध्या पायऱ्या. मी मोजल्या नाहीत. ती दर तीन पायऱ्यांना थांबत होती. नदीकाठच्या बाकावर टेकली, तेव्हा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

पण समोर नदी होती. राजश्री बघत राहिली. पाच मिनिटांनी म्हणाली, "तुम्ही फिरून या. मी बसते." तिच्या कपाळावर घाम होता आणि तिची नजर नदीपेक्षा गुडघ्यावर जास्त जात होती. दुखणं असं असतं, की समोर काहीही असो, ते आधी स्वतःकडे बघायला लावतं.

मी टॅक्सी शोधायला निघालो आणि वळणावर ती पिवळी इमारत दिसली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. कठड्यावर कोणाचे तरी पायमोजे वाळत होते. माझे पाय मला आत घेऊन गेले. काउंटरवर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. मी नाव सांगितलं मात्र, त्या टाळी वाजवून उभ्याच राहिल्या. "मिस्टर येलवे! तीन प्रती!" त्यांनी माझं पत्र छापून मागच्या फळ्यावर लावलं होतं. त्यांच्या भाच्याला खोली बेलापूरला पोचवण्याचं कलम फार आवडलं होतं म्हणे. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हळूच विचारलं, आमच्या खोलीत काय कमी होतं? मी दहा दिवस म्हटलं होतं, पण पंधरा दिवस ठेवली. वाटलं, नदी बघायची आहे, तर उशिरा का होईना, लिहितील.

साध्या इंग्रजीत सांगण्यासारखं माझ्याकडे एकही कारण नव्हतं. मी "सॉरी" म्हणालो. आज कुठली खोली मोकळी आहे का, विचारलं. नव्हती. आठवडाभर नव्हती. त्यांनी मला टॅक्सी बोलावून दिली आणि बाईंना आत आणा, कॉफी घ्या, असा आग्रह केला. मी नको म्हणालो. राजश्रीने ती खिडकी खालून बघितलेली मला सोसली नसती. टॅक्सी मी वळणाच्या दुसऱ्या बाजूने न्यायला लावली.

उरलेले चार दिवस राजश्रीला खोलीबाहेर पडता आलं नाही. मी बर्फाच्या पिशव्या आणत होतो, केटलमध्ये मॅगी करत होतो. तिच्या वहीत आठ देश झाले. मोल्दोव्हा आणि क्रोएशिया राहिले. मार्गितबाईंचे पंधरा दिवस मी तिला सांगितले नाहीत. अजूनही सांगितलेले नाहीत.

परत आल्यावर दुसऱ्या रविवारी सुनयनाताईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये समोसे ठेवले आणि सगळ्यांना बोलावलं. समितीला यशाचं माप पदरात पाडून घ्यायचं होतं. मी मनात सगळं कबूल करायची तयारी करून गेलो होतो. निदान स्टेशनचं खापर गोटीरामशेठच्या माथी फोडायचं, एवढं तरी नक्की होतं. पण मी खाकरायच्या आत गोटीरामशेठनी राजश्रीलाच विचारलं, "बोला वैनी, हाटेल कसा होता? खिडकीतशी काय दिसत होता?"

राजश्रीने माझ्याकडे बघितलं नाही. "नदी," ती म्हणाली.

ती खुर्चीत सरळ बसली आणि सांगू लागली. खिडकी उघडली की समोर नदीच. सकाळी पाण्यावर धुकं असतं, त्यातून आधी पुलाच्या कमानी दिसायला लागतात आणि मग हळूहळू पलीकडची टेकडी. काठाने पिवळी ट्राम जाते, तिची घंटा तिसऱ्या मजल्यावर ऐकू येते. दुपारी लांब, सपाट बोटी जातात, प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट इतकी हळू सरकते की एक कप चहा संपतो तरी ती खिडकीतच असते. संध्याकाळी पाणी आधी पिवळं होतं, मग काळं, आणि पुलावरचे दिवे लागतात. मुलं मांडी घालून ऐकत होती. सुनयनाताईंनी फोन खाली ठेवला होता. ती हाताने दाखवत होती, नदी इकडून येते, इथे वळते, बेट इथे.

त्या हॉटेलाचे फोटो, तिथे राहून गेलेल्या लोकांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर, सगळं तिने सात आठवडे वाचून ठेवलं होतं. मी रकाने आखत होतो तेव्हा ती त्या खिडकीत जाऊन बसत होती.

"बगा! मी सांगतलेला ना!" गोटीरामशेठ मला म्हणाले. टाळ्या झाल्या. कोणीतरी म्हणालं, निवड करावी तर येलवे साहेबांनी. मी हातातल्या समोशाकडे बघत राहिलो. एकोणतीस वर्षं राजश्रीने कधी न पाहिलेल्या नद्या मुलांना पाहिल्यासारख्या शिकवल्या. त्यांतली एक तरी तिने स्वतः, खुर्चीत बसून, घाई न करता बघावी, एवढंच तर होतं. मी मात्र तिला परत वर्गात उभं केलं.